आत्याच्या वर्गाचा पिन

माझी आत्या विठाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही. त्याला काम द्यायला हवं म्हणून की काय, अंबडजवळच्या आमच्या वसाहतीतल्या विहारात तिने बायकांसाठी पैशांचा वर्ग सुरू केला. दर रविवारी वंदना झाली की खातं, कार्ड, विमा, फसवे फोन असं सगळं ती शिकवते. कुठल्याशा संस्थेने तिला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यावर ती तीन वर्षं बोलते आहे. फळ्यावर एक वाक्य कायमचं असतं: ‘पिन कुणालाही सांगू नये.’ ते कुणी पुसलं तर तिचा पारा चढतो. स्वतः मात्र एटीएममध्ये मला आत घेऊन जाते, कारण चष्मा नेमका घरी राहतो, आणि नंबर मला दाबायला लावते. भाचीला सांगितलं तर ते धरत नाहीत म्हणे.

वर्गातली तिची लाडकी लंकाबाई. ती एका कारखान्यात झाडलोट करते. पगार तिच्या खात्यात यायचा आणि कार्ड मुलाच्या, म्हणजे शेखरच्या, खिशात असायचं. “आईला मशीनमधलं काय कळतंय,” म्हणत तोच पैसे काढायचा आणि आईच्या हातावर भाजीपुरते टेकवायचा. मुलगा वाईट नाही, पण त्याचा मोबाइल दर वर्षी नवा असतो. आत्याने महिनाभर भांडून ते कार्ड लंकाबाईला परत मिळवून दिलं. “एकदा जरी घोटाळा झाला, तरी कार्ड माझ्याकडे,” अशी शेखरने अट घातली आणि आत्याने ती तोऱ्यात मान्य केली.

घोटाळा आत्यानेच केला. एका रविवारी तिने सगळ्यांची कार्डं टेबलावर मांडून चिप कुठे, नंबर कुठे ते दाखवलं, आणि परत देताना लंकाबाईचं कार्ड तिच्या शेजारी बसलेल्या ज्योत्स्नाला आणि ज्योत्स्नाचं लंकाबाईला दिलं. दोघींची बँक एकच, कार्डावर नाव नाही. सोमवारी लंकाबाईने ऐटीत पाचशे रुपये काढले आणि तिकडे ज्योत्स्नाच्या मोबाइलवर मेसेज वाजला.

पैसे आणि कार्डं तासाभरात जागच्या जागी गेली. आत्याला मात्र चैन पडेना. पुढच्या रविवारी तिने भर वर्गात विचारलं, “अगं लंका, पण हिच्या कार्डाला तुझा पिन चाललाच कसा?”

“माझा तर चौदा शून्य चार आहे,” ज्योत्स्ना म्हणाली.

“माझाबी त्योच!” लंकाबाई म्हणाली.

“अगं बाई, माझाही,” मागून कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता बावीस बायकांचा एकच पिन निघाला. चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. कधी विसरणार नाही असा नंबर घ्या, हे आत्यानेच शिकवलं होतं ना! ती तेवढी गप्प होती. तिचा पिन मला माहीत होता, म्हणून मीही गप्प बसले.

“सगळ्या जगाला पाठ असलेला नंबर काय कामाचा?” आत्या शेवटी कडाडली. “सगळ्याजणी बदला. फक्त आपला असा नंबर घ्या. जन्मतारीखसुद्धा नको.”

“जन्मतारीख हायच कुठं?” लंकाबाई म्हणाली. “आधारवर एक जून हाय, ती मास्तरनं टाकलेली. लग्नाची तारीख म्हायती नाय. ताई, माझा म्हणून नंबर आणू कुठून?”

मला फार वाईट वाटलं. पन्नाशी उलटलेली बाई, आणि तिच्याकडे स्वतःचे म्हणावेत असे चार आकडे नाहीत. त्यात शेखर दारात येऊन उभा. “विठामावशी, अट लक्षात आहे ना?” आत्याने नव्या पिनसाठी कशीबशी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आठ दिवसांनी शेखर विहारात आला तो आईचं कार्ड हातात घेऊनच. घरातल्या डब्यातून काढून आणलं होतं.

“मावशी, काय करून ठेवलंय ह्याला? चौदा एप्रिल टाकून बघितला, नाही. एक जून, नाही.” मग त्याचा आवाज जरा उतरला. “माझी जन्मतारीख टाकली. तीही नाही. कार्डच बंद पडलं.”

शेवटच्या नंबराची त्याला पक्की खात्री होती, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

लंकाबाई सतरंजीवरून उठली आणि तिने त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं. “उद्या हुईल चालू. तुझा नाय तो नंबर, बाळा. माझा हाय.”

अटीचं नावही न काढता शेखरने चपला घातल्या आणि तो निघून गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण विहारात होतो.

वर्ग सुटला. आत्या उगाच सतरंज्यांच्या घड्या घालत रेंगाळली आणि लंकाबाई एकटी सापडताच हळूच म्हणाली, “लंका, नुसतं एवढंच सांग. तारीख आहे, की दुसरं काही?”

लंकाबाईने पदर खोचला आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

आत्याने स्वतःच्याच अक्षरातलं ते वाक्य सावकाश वाचलं. दुसऱ्या दिवशी एटीएमला निघताना तिने आठवणीने चष्मा घेतला, आणि मला बाहेरच उभं केलं.