कॅनवरची बारीक अक्षरं

एनर्जी ड्रिंकचा कॅन उघडायच्या आधी तो झाकणावर बोटानं तीनदा टकटक करायचा आणि हळूच म्हणायचा, "ऊठ रं." शेजाऱ्याच्या दारात उभं राहून हाक मारावी, अगदी तसं. मग चर्र आवाज यायचा. पहिला घोट गिळून तो क्षणभर डोळे मिटायचा. "आता झालो जागा."

सगळे त्याला अण्णा म्हणत. मीही म्हणायचो. खरं नाव इथं लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून त्याच्या आईला विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

बेळगावात खासबागेतल्या एका गेमिंग सेंटरच्या काउंटरवर मी बसतो. बारा कॉम्प्युटर, एक एसी आणि माझ्या पाठीमागं काचेच्या दाराचा एक फ्रीज. अण्णा जवळच्याच कंग्राळी गावचा. घरची थोडी शेती होती, पण तो कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. पहाटे उठून पहिली पाळी करायचा, दुपारी सुटला की अंगाला तेलाचा वास घेऊनच सेंटरला यायचा आणि खिडकीजवळच्या सात नंबरवर बसायचा. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. सगळ्यांच्या आधी येणारा, सगळ्यांच्या नंतर जाणारा, आणि कधी दमलोय म्हणून न सांगणारा.

मी बीडकडचा. आईवडील ऊसतोडीला निपाणीच्या बाजूला यायचे, त्यांच्याबरोबर मीही यायचो. निम्मं वर्ष शाळा, निम्मं वर्ष फड, असं करता करता सहावीत शाळा सुटली. एका हंगामाला टोळी परत गेली आणि मी मागं राहिलो. आधी निपाणीच्या एका बेकरीत होतो, मग बेळगावात आलो. कानडी येत नव्हतं, पाटी वाचता येत नव्हती. कुणी मोठ्यानं बोललं तरी वाटायचं, आता हाकलणार.

पहिल्याच आठवड्यात अण्णानं विचारलं, "कुठला रं तू?"

"बीडचा."

"आयला. हितली माणसं महाराष्ट्रात जायाचं म्हणून जल्माची भांडाय लागल्यात, आन् तू तितनं उठून हिकडं आलास व्हय?"

सगळं सेंटर हसलं. मीही हसलो. बेळगावात आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून मी बीडकर झालो.

एका संकष्टीला तो काउंटरवर आला आणि कॅन माझ्यापुढं धरून म्हणाला, "बीडकर, बघ जरा. ह्यात धान्य, मीठ असलं काय हाय का? उपास हाय आज."

कॅनवर सगळं इंग्रजी. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण वाचता येत नाही असं म्हटलं तर मालकाला कळेल, ही भीती. मी कॅन फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणालो, "नाही अण्णा. धान्य नाही. उपासाला चालतंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कॅनकडं. "उलटा धरलायस रं," एवढंच म्हणाला, तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी रिकामा कॅन धुऊन पुसून माझ्यापुढं ठेवला. "हे ए. हे बी. रोज धा मिनटं. फी म्हणून मला फ्रीजच्या तळातला गारेगार कॅन काढून द्यायचा." त्या कॅनवरच मी इंग्रजी शिकलो. आधी मोठी अक्षरं, मग साखर, मग पाणी. मालकापाशी त्यानं कधी शब्द काढला नाही. मी पहिल्यांदा एक अख्खी ओळ वाचली तेव्हा सात नंबरवरून ओरडला, "गप बसा रं सगळी, बीडकर वाचाय लागलाय."

तळाशी एकदम बारीक अक्षरांच्या दोन ओळी होत्या. त्या मात्र राहिल्या. "त्ये सोड," तो म्हणायचा. "डोळं दुखत्यात. मागनं बघू."

संकष्टी खरं तर त्याची नव्हती. आईची होती. आई कितीतरी वर्षं करायची. मग तिची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले. ती ऐकेना. तेव्हा अण्णा म्हणाला, "तुझ्या वाट्याचा मी धरतो, तू जेव." आणि खरंच धरला. हे सांगताना तो वर म्हणायचा, "डॉक्टरचं ऐकाय पायजे का न्हाय? आमच्या म्हातारीला कळतच न्हाय बघ."

उपासाच्या दिवशी तो दिवसभर कॅनवर असायचा. रात्री घरी गेल्यावर आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी. "पोट हलकं, डोस्कं चलाख," म्हणायचा.

पुढं त्याची बोटं थरथरायला लागली. माऊस सोडून पाण्याची बाटली उचलली की पाणी हलायचं. एकदा छातीवर हात ठेवून म्हणाला, "बीडकर, सायकलची चेन सुटल्यावर पायंडल मोकळं फिरतंय बघ, तसा एक ठोका रिकामा जातोय हितं." आणि हसला. मला हसू आलं नाही. मी रात्रभर तळमळलो आणि दुसऱ्या दिवशी मालकाकडं सुट्टी मागून त्याला ओढत दवाखान्यात नेलं. माझ्या आयुष्यात मी कुणाला ओढून नेलेलं ते तेवढंच.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. झोप किती, विचारलं. चार तास. कॅन किती? अण्णा माझ्याकडं बघायला लागला. मी सांगितलं, "चार. कधी पाच."

डॉक्टर म्हणाले, "हे शक्ती देत नाही बाबा. थकवा झाकून ठेवतं. शरीर थांब म्हणतंय आणि तुला ते ऐकू येत नाही. तुझ्या ठोक्यात गडबड दिसतेय. कॅन आजपासून बंद, झोप पुरी घे, आणि मोठी तपासणी करून घे."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाला, "स्पर्धा झाली की करतो."

स्पर्धा आमच्याच सेंटरला होती. जिंकणाऱ्या टीमला पुढं पुण्याला खेळायला बोलावणार होते. पण त्याला पुण्याचं एवढं नव्हतं. त्याच्या आईला हे सगळं खेळणं वाटायचं. सव्वीस वर्षांचा बाप्या पोरांत बसून बंदुका उडवतो, असं ती म्हणायची. तिनं एकदा येऊन बघावं एवढंच त्याच्या मनात होतं. आणि ती येते म्हणाली होती. रविवार होता आणि नेमकी संकष्टी. ती दुपारी खिचडीचा डबा घेऊन येणार होती.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं स्वतःच नियम केला. एकदम बंद जमणार नाही, दिवसाला एकच. फ्रीजची किल्ली माझ्या गळ्यात अडकवली. "मी पाया पडलो तरी देऊ नगंस. शिव्या दिल्या तरी देऊ नगंस." तीन आठवडे मी तो नियम पाळला. त्यानं शिव्या दिल्या, मी दिला नाही. मग पाच मिनिटांनी येऊन म्हणायचा, "बरं केलास."

रविवारी निपाणीची टीम आली. अण्णाची आक्का निपाणीला दिलेली, त्यामुळं ती पोरं दारातच सुरू झाली. "अण्णा, जपून मारा हं. आक्का आमच्या गावात हाय."

"दाजींना इचारूनच आलोय," अण्णा म्हणाला. "त्ये म्हणाले, मार बिनघोर. बीडकर, पाव्हण्यांस्नी चा सांग. जाताना तोंड गोड नसणार, येताना तरी असू दे."

सकाळचा एक कॅन त्याच्या हक्काचा होता. पहिला सामना जिंकल्यावर दुसरा मागितला. स्पर्धेचा दिवस म्हणून मी दिला. फायनलच्या आधी तो परत आला. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम, आणि एसी चालू होता. मी म्हणालो, "अण्णा, नको. आई डबा घेऊन येतायत. खिचडी खा आणि मग बसा."

"बस चुकली तिची, फोन आलता. सकाळधरनं पोटात काय न्हाय रं. ह्यात धान्य न्हाय, मीठ न्हाय. तूच सांगितलतास की."

माझी ती थाप त्यानं इतके दिवस सांभाळून ठेवली होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिच्यावर हसलासुद्धा नव्हता. आता तीच माझ्यापुढं ठेवली. मी गळ्यातली किल्ली काढली.

त्यानं तीनदा टकटक केली. "ऊठ रं."

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. त्याच्या टीममधली पोरं ओरडायला लागली. "अण्णा, हल की. अण्णा, मागं बघ." पडद्यावर त्याचा सैनिक एका भिंतीजवळ बंदूक घेऊन नुसता उभा होता. बाकीचे पळत होते, तो उभा होता. मला वाटलं, डाव टाकतोय. मग मी पडद्यावरून नजर काढून माणसाकडं बघितलं. त्याचं डोकं कीबोर्डवर टेकलं होतं.

हेडफोन पहिले फेकले ते निपाणीच्या पोरांनी. त्यांनीच उचललं, त्यांच्याच गाडीत घातलं. गाडी वळणावरून गेली आणि पाचेक मिनिटांत एक बाई पायरीशी आली. हातात डबा, कपाळाला घाम. मला विचारलं, "माझं पोरगं कंच्या मशीनवर बसतंय रं?"

मी डबा हातात घेतला आणि म्हणालो, "आई, चक्कर आली त्यांना. दवाखान्यात नेलंय." मालकानं तिला गाडीवरून नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता.

डॉक्टर नंतर मालकाला म्हणाले, एकट्या कॅनवर बोट ठेवता येणार नाही. ठोक्यात आधीपासून दोष होता. त्यावर अपुरी झोप, रिकामं पोट, आणि वरून हे. मालकानं मला ते दोनदा सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. त्या रात्री मी कॅन घेऊन बसलो आणि बारीक अक्षरांच्या त्या दोन ओळी एक एक अक्षर लावत वाचल्या. आता कुणी कॅन मागितला की मी आधी त्या वाचून दाखवतो. पोरं म्हणतात, "बीडकर, तुझं पारायण झालं असलं तर दे." काही जण परत ठेवतात. बरेच जण नाही ठेवत.

तेराव्यानंतर त्याची आई सेंटरला आली. मी डबा घासून ठेवला होता. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, पण अशा वेळी आत काय घालायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मूठभर तांदूळ घातले होते.

ती सात नंबरच्या खुर्चीजवळ उभी राहिली. बसली नाही. मग फ्रीजकडं बोट करून म्हणाली, "त्येच का त्ये? काढ. काय लिवलंय वाच."

मी वाचलं. लहान मुलांनी घेऊ नये. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. कॅफिन सोसत नाही त्यांनी घेऊ नये. दिवसाला इतक्यापेक्षा जास्त घेऊ नये. "म्हणजे दोन कॅन, आई."

"त्याला वाचाय येत हुतं न्हवं हे?"

"व्हय. मला त्यांनीच वाचायला शिकवलं."

मग मला राहवेना. "किल्ली माझ्याकडं होती, आई. तिसरा मी दिला. देऊ नको म्हणून त्यांनीच सांगितलेलं, तरी दिला."

तिनं कॅन माझ्या हातातून घेतला, परत फ्रीजमध्ये ठेवला आणि दार नीट लावलं.

"माझा उपास हुता तो," ती म्हणाली. मग डबा उघडून आतले तांदूळ बघितले. "त्या दिशीची खिचडी टाकलास व्हय?"

"नाही. मी खाल्ली."

"कवा?"

"चंद्र उगवल्यावर. दवाखान्यातनं फोन आला होता तोवर. तरी पायरीवर बसून खाल्ली. टाकवेना."

तिनं झाकण लावलं, डबा पदराखाली घेतला.

"मग सुटला म्हणायचा," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून बसच्या बाजूला चालायला लागली.