फाटकाजवळचा आवाज

दादा गेल्यावर वर्षभर त्याची गाडी तुंगार्लीच्या घरासमोर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. दोन माणसांपुरती, बसकी, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. घरात कुणालाच तिचं कौतुक नव्हतं. “हिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं,” आई म्हणायची. वर्षश्राद्ध झालं, आणि एका सकाळी वहिनीनं ताडपत्री काढली, बॅटरी बदलून घेतली आणि त्या गाडीनं ऑफिसला जायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या फाटकाशी गटारावर लोखंडी जाळी आहे. तिच्यावरून गाडीचं पुढचं डावं चाक गेलं की खालून आवाज यायचा, खट्, खट्. दादा होता तेव्हा आई त्या आवाजाला उठून चहाचं आधण ठेवायची. आता संध्याकाळी वहिनी आली की तोच आवाज यायचा, आणि आई उठायची. ओट्यापर्यंत जायची, पातेल्यात पाणी ओतायची. मग तिच्या लक्षात यायचं.

मी तळेगावला राहतो, सुट्टीच्या दिवशी तिकडे जातो. एकदा माझ्यासमोरच हे झालं. पातेलं हातात घेऊन आई तशीच उभी राहिली.

“कळतं रे मला,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “पण आवाज आला की पाय उठतात.”

वहिनी दारात चपला काढत होती. तिनं ऐकलं, आणि आत न येता ती पायरीवरच बसून राहिली.

पुढे गाडी चालताना डावीकडे ओढायला लागली. औंढ्याचे एक मेकॅनिक जुन्या गाड्यांची कामं करतात, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. हिरडीत सैल झालेला दात हलावा तसं ते हललं.

“ताई, लय झिजलंय,” ते म्हणाले. “रबराचे बुश गेलेत, बॉल जॉइंट बी गेलाय. घाटात सुटला तर चाक आडवं हुईल. नवीन पार्ट बसवल्याबिगर चालवू नका.”

जेवताना मी आईला हे सांगितलं.

“मग तो आवाज?” तिनं विचारलं.

“जाईल.”

“बाकीचं सगळं करा. तेवढा राहू दे ना.”

“आई, गाडी मी चालवते,” वहिनी हळूच म्हणाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. “हो गं. तू चालवतेस,” असं म्हणून ती पानावरून उठली.

पार्ट बाहेरच्या देशातून यायचे होते. तोवर गाडी शेडमध्येच होती, वहिनी रिक्षानं ऑफिसला जायची; ते आले तेव्हा थंडी पडली होती. रविवारी सकाळी भाऊ आले. धुकं अगदी शेडच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. गंजलेले नट रॉकेल पाजल्याशिवाय हलेनात. मी टॉर्च धरला होता, वहिनी पाने देत होती. भाऊंनी चाक धरून ठेवणारा लोखंडी दांडा सोडवून बाहेर काढला. बुशाच्या रबराचा नुसता काळा भुगा झाला होता. आणि त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून तार आवळलेली होती.

“हे माझं काम न्हाई,” भाऊ म्हणाले.

कुणाचं ते मला दिसत होतं. तारेची टोकं कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून आतल्या बाजूला वळवलेली होती. आमच्या घरातली प्रत्येक तार तशीच आहे, कुंपणाची आणि कपडे वाळत घालायचीसुद्धा. दादानं आत्ताच, आम्ही यायच्या आधी, तिथून हात काढून घेतला असावा असं वाटलं.

“म्हणजे माहीत होतं त्याला,” वहिनी म्हणाली. “मी विचारलं की म्हणायचा, जुन्या गाड्या अशाच वाजतात.”

तिनं ती पट्टी सोडवून हातात घेतली.

“छातीत दुखायचं तेव्हाही असंच. ॲसिडिटी आहे म्हणे! आणि मला शेजारी बसवून ह्याच गाडीतून घाट उतरायचा.”

त्याच्यावर चिडलेली वहिनी मी पहिल्यांदाच पाहत होतो. भाऊ हात धुवायला म्हणून नळाकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. वहिनीनं ती पट्टी भंगाराच्या डब्यात टाकली. दुपारी भाऊंनी डबा उचलून नेला, तेव्हा मीही त्यांना थांबवलं नाही.

काम झाल्यावर आम्ही दोघं औंढ्याच्या रस्त्याला चक्कर मारून आलो. भात कापून रिकामी झालेली खाचरं, पेंढ्याच्या गंजी. गाडी नाकासमोर चालत होती, पण मधूनमधून उजवीकडे सरकायची.

“गाडी नाही, मीच ओढतेय,” वहिनी म्हणाली. “हाताला सवय लागलीये.”

परत आलो तेव्हा जाळीवरून गाडी बिनआवाज आत आली. आई व्हरांड्यात पावटे सोलत होती. आम्ही समोर येऊन उभे राहिलो तेव्हा ती दचकली.

“केव्हा आलात?”

आम्हाला वाटलं होतं, आता तिचं उठणं थांबेल. थांबलंही. पण आवाज यायचा तेव्हा ती एकदा उठायची, वहिनीला बघायची आणि परत बसायची. त्या दिवसापुरतं वाट बघणं संपायचं. आता ते संपवणारं काही येत नाही. दिवेलागणीपासून ती फाटकाकडे तोंड करून बसते, टीव्हीचा आवाज कमी करायला लावते. वहिनी कोपऱ्यावरूनच हॉर्न वाजवायला लागली. दादा कधी हॉर्न वाजवायचा नाही, त्यामुळे आईच्या लेखी तो कुणातरी दुसऱ्याचा असतो.

गेल्या आठवड्यात मी तिकडेच होतो. वहिनी आली, तिनं पर्स ठेवली आणि आईच्या खांद्यावर शाल घातली.

“आई, वहिनी आली,” मी म्हणालो.

“हो, आली ना,” आई म्हणाली. वहिनीचा हात तिनं शालीवरच धरून ठेवला, आणि बाहेर बघत राहिली.