मार्थाबाईचा शोषखड्डा

बाटली काळी पडली होती. नुसती काळपट नाही, तव्याच्या बुडासारखी.

मी हातपंपाच्या ओट्यावर उभी, हातात ती बाटली, आणि समोर सात-आठ बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. ही बाटली म्हणजे आमची परीक्षा. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पंपाचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, दीड-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाणी होतं तसंच राहिलं तर पास. काळं पडलं तर पाण्यात घाण शिरली, पिऊ नका. शाळेत न गेलेल्या बाईलाही हा निकाल वाचता येतो. म्हणूनच लपवता येत नाही.

मी हातपंप मेकॅनिक. पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकात अठ्ठावीस वर्षं काढली. चौथीनंतर शाळा सुटली, आणि हे काम मी मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मागं पाने वाहता वाहता शिकले. पुढं त्यांची पाठ गेली आणि पाने माझ्याच हातात राहिले. सुरुवातीला गावोगाव लोक विचारायचे, "मेकॅनिक कुठं हाय?" मी म्हणायची, "हाच." आता वर्षभर झालं, घरी बसून आहे. हा किस्सा नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्यातला.

गाव मंगरूळपीरकडच्या मालेगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्यात चूक माझीही आहे. गावाच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची अकरा घरं, त्यांचं पत्र्याचं छोटं चर्च, आणि चर्चसमोर हा पंप. नळयोजनेची टाकी बांधून झालेली, पण टाकीत पाणी यायचं ते लहर लागेल तेव्हा. त्यामुळे अर्धं गाव याच पंपावर. आठवड्यात चार-पाच घरची लेकरं जुलाबानं आजारी पडली, आरोग्य खात्याच्या आशाताईंनी ऑफिसला फोन केला, म्हणून मी शनिवारी पाणी भरून नेलं होतं. आज सोमवार. आणि येत्या रविवारी त्यांचा ईस्टर.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, बाटली फेल आहे."

"मग लाल रंग मारा अन् मोकळ्या व्हा, वनाबाई."

लाल रंग म्हणजे पंप बंद, पाणी पिण्यास अयोग्य.

"रंग मारते साहेब. पण पाणी कशानं बिघडलं ते शोधायला मला आठ दिवस द्या. नाहीतर हे लोक नाल्यातल्या झिऱ्यावर जातील, तो याहून वाईट."

"आठ दिवस? तिकडं रिठदच्या बाजूचे चार पंप बंद आहेत."

"रविवारपर्यंत तरी."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सरकारी कामात याला परवानगी म्हणतात.

मी पंपाच्या दांडीला लाल फडकं बांधलं, त्याच्या डोक्यावर रंग मारला. सरपंचांना सांगून शेजारच्या गावातून पिण्याच्या पाण्याचे ड्रम सुरू केले. आशाताईंनी क्लोरीनच्या बाटल्या वाटल्या. मग शोधाला लागले.

पंपाचं पाणी बिघडायला तीन-चारच वाटा असतात. ओट्याला भेग पडते आणि सांडलेलं पाणी खाली मुरतं. ओट्याला भेग नव्हती. नाली तुंबते. इथली नाली तर चर्चच्या बाया दर शनिवारी घासत होत्या, माझ्या ताटाइतकी स्वच्छ. जवळ संडास असतो. संडास होते, पण खालच्या अंगाला आणि लांब. मी पंपाभोवती गोल फिरत राहिले. मग चर्चच्या आवाराच्या भिंतीमागं गेले, तर केळीचे दोन हिरवेगार खुंट. एप्रिलच्या उन्हात. केळीच्या बुडाशी दगडगोट्यांनी भरलेला खड्डा आणि त्यात येणारा पाइप. मी पावलं मोजली. खड्ड्यापासून पंपापर्यंत आठ पावलं. आणि खड्डा वर, पंप खाली.

"कोणी केला हो हा?"

"मीच केला!" मार्थाबाई पदराला हात पुसत आल्या. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या, पासष्टीच्या, आवाज खणखणीत. "आमी सहा बायांनी. एकाबी माणसाले हात लावू नाई देल्ला."

हा शोषखड्डा. सांडपाणी आत सोडायचं, ते दगड-वाळूतून हळूहळू जमिनीत मुरतं, डबकं होत नाही. चांगली गोष्ट आहे. मार्थाबाईंनी मला सगळं उभं राहून सांगितलं. या मंडळीत बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून नाही, अख्खं माणूस पाण्यात बुडवून देतात. त्यासाठी चर्चमागं सिमेंटचा कंबरभर हौद. पूर्वी बाप्तिस्मा झाला की हौदाचं बूच काढायचे आणि पाणी रस्त्यावर वाहून जायचं. दोन वर्षांमागं पास्टरांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, उपदेशात विषय घेतला, की देवानं धरती राखायला दिली आहे, आणि आपण तर हौदभर पाणी रस्त्याला पाजतो. मंडळीनं ठराव केला, चर्चच्या आवारातला एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. गेल्या हिवाळ्यात कापणीच्या सणाची उपासना झाली आणि बायांनी कुदळी घेतल्या.

"हौदाचंच पाणी येतं का यात?" मी विचारलं.

"हौदाचं तं वर्षातून दोनदा. एवढा मोठा खड्डा, रिकामा काहून ठेवा? मंग जेवणाच्या भांड्यांचं जोडलं. माह्या न्हाणीचं जोडलं. पास्टरच्या शेळ्यांचा गोठा धुतात, ते बी जोडलं." त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान. "थेंब वाया नाई जात आता."

मी डोक्याला हात लावला.

"मार्थाबाई, पंपापासून कमीत कमी पन्नास फूट लांब पाहिजे हो खड्डा. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"तुमीच!"

"मी?"

"वाशर बदलाले आल्या होत्या न तुमी, थंडीत? मी विचारलं नाई का, बाई, शोषखड्डा केला तं चालन का? तुमी पाने भरता भरता म्हटलं, करा ना, लय चांगलं काम हाय."

म्हटलं होतं. अगदी असंच म्हटलं होतं. गाडी हॉर्न वाजवत होती, पुढं दोन पंप बाकी होते. खड्डा कुठं, हे मी विचारलंच नव्हतं. बाईच्या तोंडून ते ऐकताना माझे कान तापले.

तेवढ्यात पास्टर शिमोन आले. तिशीतला माणूस, हळू बोलणारा. त्यांना पटेना. "वनाबाई, इथं खाली काळा पाषाण हाय. आठ पावलं का असेना, दगडातून पाणी कसं जाईन?"

"पाषाणाला भेगा असतात, पास्टर. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. मीठ आणा."

"मीठ?"

"खडे मीठ, दोन गोण्या."

ही जुनी युक्ती आहे. संशय असेल त्या खड्ड्यात मीठ विरघळवून सोडायचं आणि पंपाचं पाणी खारट होतं का पाहायचं. माझ्याकडे पेनासारखं मीटर होतं, पाण्यात बुडवलं की क्षार किती तो आकडा दाखवतं. मीठ टाकण्याआधी आकडा घेतला, भिंतीवर खडूनं लिहिला. मग ड्रममध्ये मीठ कालवून खड्ड्यात सोडलं. मार्थाबाई म्हणाल्या, "आमच्या बायबलात मिठाचं लय आहे, बाई. पण असं खड्ड्यात टाकाचं कुठं नाई वाचलं."

मंगळवारी सकाळी मी पंप हापसला, मीटर बुडवलं. आकडा दुपटीच्या वर. मी काही बोलायच्या आत मार्थाबाईंनी धारेत बोट घालून जिभेला लावलं.

"थुंका आधी!" मी ओरडले.

त्या थुंकल्या. मग ओट्यावर बसल्या.  

"म्हणजे त्या लेकरायले मी पाजलं हे," त्या म्हणाल्या.

मंडळीचे सेक्रेटरी जवळच होते. मंगरूळपीरला कचेरीत नोकरी करून रिटायर झालेले, कागदाची जाण असलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, आमची अकरा घरं. गावात आमचं सगळ्यांशी चांगलं हाय, पण लोकाच्या तोंडाले फडकं बांधता येते का? उद्या म्हणतीन, चर्चवाल्यायनं पाणी नासवलं. पिढीभर पुरते असं नाव. तुमी रजिस्टरात लिहा, वाशर खराब होता. खड्डा आमी गुपचूप बुजवतो."

मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः बौद्ध घरची. पाणवठा आणि नाव यांचं काय नातं असतं, ते आमच्या घरात कोणी समजावून द्यायची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर वॉशर लिहिलं असतं तर माझीही सुटका होती. खड्ड्याला होकार कोणी दिला, हे कोणी विचारलं नसतं.

"दादा," मी म्हटलं, "वॉशरनं जुलाब होत नाहीत. उद्या दुसऱ्या गावात कोणी असाच खड्डा खणेल. मी आहे ते लिहिते. माझं नावही लिहिते."

"पास्टर, तुमी तरी सांगा यायले," सेक्रेटरी म्हणाले.

पास्टर बोलायला तोंड उघडतात तोवर मार्थाबाई उठल्या. सरळ रस्त्यावर गेल्या. तिथं बाया ड्रमच्या गाडीची वाट पाहत रांगेत होत्या. आम्ही मागं धावलो.

"ऐका वं सगळ्या! पाणी आमच्या खड्ड्यानं नासलं. मी खणला. चांगलं कराले गेली अन् पंपाच्या उरावर खणला. ज्याले शिव्या द्याच्या त्यानं मले द्या, मंडळीले नाई."

सेक्रेटरींनी डोळे मिटले होते. मी पुढं झाले. "आणि खड्ड्याला हो मी म्हटलं होतं. जागा न पाहता."

रांगेत पुढं सरपंचांची आई होती, गोदाकाकू. त्यांच्या नातवालाही सलाइन लागली होती. त्यांनी घागर खाली ठेवली आणि मार्थाबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"सहा जणी मिळून खणला म्हणे?"

"हो."

"अन् सहातल्या एकीलेबी समजलं नाई, उतार कुकडं हाय?"

"नाई समजलं, काकू."

"मले बलावलं असतं तं सांगितलं असतं. पण तुमाले चर्चच्या कामात आमी कायले आठवतो! नाताळाच्या केकाले तेवढं बलावता." मागच्या बायांत कोणीतरी खुसकन हसलं. "माहा नातू बरा हाय आता. नसता तं तुले सोडलं नसतं, मार्था. चाल, दाखव खड्डा."

त्या खरंच पाहायला आल्या. पाहून म्हणाल्या, "केळी मात्र झकास लागली."

बुधवारी खड्डा उपसला. घाण लांब शेतात नेली, खड्ड्यात चिकणमाती टाकून धुमसानं ठोकली. वरच्या बायांबरोबर खालच्या आळीच्या बायाही होत्या, आणि या वेळी पुरुषांनाही हात लावू दिला. मी पंपाभोवती खणलं. बोअरच्या भोकात वरून माती ढासळू नये म्हणून लोखंडी पाइप असतो, त्याला केसिंग म्हणतात. हे केसिंग जमिनीखाली दोन फुटांवर सडलेलं होतं. खड्ड्याला आत यायला दारच मिळालं होतं. वेल्डर आणून तुकडा बदलला, भोवती सिमेंट भरलं. गुरुवारी ब्लीचिंग पावडरचं पाणी बोअरमध्ये सोडलं.

ते पाणी नंतर हापसून पूर्ण बाहेर काढावं लागतं, वास जाईपर्यंत. तो दिवस गुड फ्रायडेचा आला. त्यांची दुपारी तीन तासांची उपासना असते, बरेच जण उपाशी. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, खालच्या आळीतले लोक हापसतील. पण तीन वाजता पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया चर्चमधून निघाल्या त्या थेट पंपावर. गोदाकाकूंनी दांडी सोडली नाही. "उपाशी हाय तुमी, सरका. चक्कर येऊन पडली तं तेबी आमच्याच डोक्यावर." शेवटी त्या आणि मार्थाबाई मिळून एकाच दांडीला लागल्या.

संध्याकाळी वास गेला. मी तीन बाटल्या भरल्या, एक नमुना लॅबला पाठवला.

रविवारी मी सकाळीच पोचले. चर्चमध्ये गाणी चालली होती. बाटल्या पिशवीतून काढल्या. तिन्ही जशा भरल्या तशाच. पास्टर गाणं मधेच सोडून बाहेर आले, मी नुसती बाटली वर धरली. आत जाऊन त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण गाण्याचा आवाज एकदम वाढला.

मी दांडीचं फडकं सोडलं. लॅबचा कागद येईपर्यंत क्लोरीनचे थेंब टाकूनच प्या, असं बजावलं. तो कागद पुढच्या बुधवारी आला, चांगला आला, आणि मी लाल रंग खरवडला.

त्या रविवारी मंडळीतल्याच वयात आलेल्या चार पोरापोरींचा बाप्तिस्मा होता. सकाळचा होता, पण हौद कोरडा. सेक्रेटरी म्हणाले, आता भरून घेऊ पटकन. मार्थाबाईंनी त्यांना अडवलं. "आधी गावाच्या घागरी. मंग हौद." बाप्तिस्मा दुपारी चारला झाला. पास्टरांनी एकेकाला पाण्यात मागं झोपवून वर काढलं, गोदाकाकू भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या.

हौदाचं पाणी वाया गेलं नाही. खालच्या अंगाला, शाळेच्या कुंपणापलीकडं नवा खड्डा आहे. तो मी स्वतः टेपनं मोजून दिला, पंपापासून ऐंशी फूट. गोठ्याचं पाणी त्यात जोडू दिलं नाही, ते खालच्या अंगाला लांब नव्यानं लावलेल्या केळीला जातं. साहेबांनी माझ्या रजिस्टरवर लाल पेनानं शेरा मारला, "तोंडी सल्ले देऊ नयेत." मी खाली सही केली. त्यांचं बरोबर होतं.

अठ्ठावीस वर्षांत मी पाण्याबद्दल एवढंच शिकले. त्याला आपली नियत कळत नाही, उतार कळतो. म्हणून पुण्याचं काम करायचं असेल तर करा, जरूर करा. पण टेप घेऊन करा.