‘विन’ म्हणा, विहीणबाई

अंडं एक असलं तर तो, आणि दोन झाली की त्या. रोमानियन भाषेत हे असंच आहे. आमच्या विहीणबाईंनी दुबईत, करामातल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन अंडी हातात धरून मला हे समजावलं, तेव्हा मी सरळ म्हटलं, "हे चालणार नाही." कुणाला चालणार नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण मी जन्मभर पत्र्याचं काम केलेला माणूस. दुसरा पत्रा आणून ठेवला म्हणून पहिल्याची बाई झालेली मी कधी पाहिली नाही.

त्या म्हणाल्या, "उन ओउ. दोउअ ओउअ." एक अंडं, दोन अंडी. आणि ती उकळत्या पाण्यात सोडली.

आता हे सगळं कसं जमून आलं ते सांगतो. माझ्या मुलाचं ऑफिस अबुधाबीला. तिथे त्याच्याच ऑफिसात रोमानियाची एक मुलगी होती, ती माझी सून झाली. मी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. दोन्ही वेळा मला कुणी विचारलेलं नव्हतं. पोरगी गुणाची निघाली. मला बाबा म्हणते, हिंदी मोडकंतोडकं बोलते, आणि चहात साखर किती घालायची ते तिला एकदाच सांगावं लागलं. तिला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. पण डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली, तेव्हा माहेरच विमानात बसून इकडे आलं. म्हणजे तिची आई. नवरा वारलेला, शाळेत व्याकरण शिकवून रिटायर झालेली, आणि वर परदेशी लोकांना आपली भाषा शिकवणारी बाई. मी चौथी पास. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची तसदी पडत नाही.

नात झाली. मुलगा सकाळी गाडी काढून अबुधाबीला जायचा, सून बाळाजवळ पडलेली असायची, आणि घरात आम्ही दोन म्हातारे. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच. माझं इंग्रजी इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या वर्कशॉपमध्ये शिकलेलं: कट, बेंड, फिनिश, टुमारो. एवढ्यात एसीचा डक्ट होतो. गप्पा होत नाहीत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली, "कुस्क्रे!" मला वाटलं, भाकरीचा कुस्करा म्हणते की काय मला. मी तोंड फिरवून बसलो. सून खोलीतून हसत बाहेर आली. म्हणाली, "नाही बाबा, कुस्क्रू मतलब मुलाचा सासरा, मुलीचा सासरा. त्याला बुलाना है तो कुस्क्रे." म्हणजे व्याही! मी मुलाला फोन लावला. विचारलं, इंग्रजीत व्याह्याला काय म्हणतात रे? तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. असा वर्ड नाहीये. सनचा फादर-इन-लॉ म्हणायचं." म्हटलं, बघ. ज्या भाषेत तुम्ही पगार घेता तिच्यात व्याही नाही, आणि या बाईच्या भाषेत आहे. त्या दिवशी ठरवलं, ही भाषा शिकायची.

सुनेने फोनवर शिकायचं काहीतरी घालून दिलं. मुलगी सफरचंद खाते, मुलगा पाणी पितो. दोन दिवसांनी मी तो फोन परत दिला. मला सफरचंदाबद्दल कुणाला काही सांगायचं नव्हतं. विहीणबाईंच्या बॅगेत त्यांचं शिकवायचं जुनं पुस्तक होतं, ज्यांना ती भाषा बरीच येते अशा लोकांसाठीचं. त्यात नियम मोडणारी नामं आणि नियम मोडणारी क्रियापदं. मी त्यावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "डिफिकल्ट." मी म्हटलं, "डिफिकल्ट फर्स्ट."

मग रोज सकाळी बाल्कनीत शाळा. पत्र्यावर खुणा करायचा माझा खडू अजून होता. त्या बोलायच्या, मी देवनागरीत फरशीवर लिहायचो. माणूस म्हणजे ओम. मला बरं वाटलं, निदान हे तरी आपलं निघालं. पण माणसं म्हटलं की वामेन. सोरा म्हणजे बहीण, बहिणी झाल्या की सुरोरी. नोरा म्हणजे सून, सुना झाल्या की नुरोरी. मी म्हटलं, एवढं पोटातून कशाला बदलायचं? त्या म्हणाल्या, "तुला सून एक. पुढचं विसर." मी म्हटलं, विसरणार नाही, आता शिकलो ते शिकलो.

त्या मास्तरीणच. चूक झाली की पेन्सिलीने टेबलावर टक्. पुन्हा चूक, पुन्हा टक्. मलाही माघार घ्यायची सवय नाही. एकदा तर सोरा-सुरोरीवरून अर्धा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि जेवायला बसल्यावर त्यांनी भाजी वाढता वाढता नुसतं म्हटलं, "सु-रो-री." मी मीठ मागितलं.

एकदा त्यांनी उलट मला धरलं. म्हणाल्या, तुमच्यात येण्याला काय? म्हटलं, ये. काल आलास तर? म्हटलं, आलो. त्या थांबल्या. "मग ये कुठे गेला?" त्यांनीच पुढे विचारलं, "जाण्याला काय?" जा. "काल?" गेलो. "जा कुठे गेला?" मला राग आला. इतकी वर्षं बोलतोय आणि माझ्या तोंडात हे चाललं होतं ते मला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्यात असंच आहे." त्या इतक्या हसल्या की आतून सून ओरडली, बाळ उठेल. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि हातवारे करून, दोन शब्द इंग्रजी, चार शब्द त्यांचे, असं समजावलं. जे शब्द माणूस रोज वापरतो तेच नियमाला जुमानत नाहीत. जे कधीमधी लागतात ते सरळ चालतात. मी आत जाऊन माझी पत्रा कापायची कात्री आणली. तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झाली आहे. दाखवली. त्यांनी आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. मला वाटलं होतं, खळगा त्यांना मोठा होईल. लहान झाला.

पण आमचं खरं भांडण एका शब्दावरून होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी रोज सकाळी खाली दुकानात दूध आणि पाव आणायला जातो. घराबाहेर पडताना आपण येतो म्हणतो. त्यांच्या भाषेत मी येतो म्हणजे ‘विन’. मी दारात उभा राहून म्हणायचो, "विन!" त्या नुसत्या बघायच्या. आठवड्याने सून तोंडावर हात धरून आली. "बाबा, आई विचारते, तुम्ही रोज सकाळी सकाळी कुठे जाऊन पिता?" त्यांच्यात वाईनलाही विनच म्हणतात. मी माळकरी बापाचा मुलगा, थेंबाला शिवलेलो नाही. त्यात मी त्यांना विहीणबाई म्हणून हाक मारायचो, त्यातही त्यांना विनच ऐकू यायचं. म्हणजे हा म्हातारा सकाळी वाईन म्हणून बाहेर पडतो आणि आल्यावर मला वाईनबाई म्हणतो! मुलगा रात्री आल्यावर ऐकून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला. "खलास, बाबा! युरोपात तुमचं नाव झालं!"

गैरसमज मिटला, पण विहीणबाईंनी टेबलावर टक् केलं. दारातून बाहेर जाताना विन चूक. तू चाललास. म्हण, "म दुक."

म दुक. जातो याला त्यांच्यात दुक म्हणतात. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाजारात निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "कुस्क्रे, म दुक." मी दारात आडवा आलो. म्हटलं, या घरातून कुणी दुक म्हणून बाहेर पडायचं नाही. विन म्हणा. त्या म्हणाल्या, नाही. चूक आहे. चूक मी बोलत नाही. मी म्हटलं, मग भाजी मी आणतो. त्यांनी मला बाजूला सारलं, "म दुक" पुन्हा एकदा नीट, सावकाश म्हटलं, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

संध्याकाळी बाल्कनीत त्यांनीच विषय काढला. व्हाय? मी सांगायला गेलो आणि शब्द पुरेनात. माझी बायको गावी दाराशी उभी राहायची. सुट्टी संपवून मी दुबईला निघायचो, तेव्हा येतो म्हटल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू द्यायची नाही. एकदा मी घाईत बॅग उचलली तर तिने बॅगच धरून ठेवली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय आणि ही बॅग सोडत नाही. येतो म्हटलं तेव्हा सोडली. हे सगळं सांगायला माझ्याजवळ शब्द कुठले? मी आकाशाकडे हात केला आणि मराठीतच म्हटलं, "ती गेली." मग पुस्तकातलं भूतकाळाचं रूप आठवून म्हटलं, "सा दुस."

मला वाटलं, टक् होणार. झालं नाही. त्या म्हणाल्या, त्यांच्यातही असंच म्हणतात. माणूस मेला म्हणायचं नसेल तेव्हा गेला म्हणतात, सा दुस. मग खालच्या रस्त्यावरच्या बसकडे बघत म्हणाल्या, "माझे पण. सा दुस."

खडू माझ्या हातात होता, मी काही लिहिलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, "तरी पण विन चूकच." अशी बाई.

व्हिसा संपत आला. सून रडवेली झाली, मुलाने तिकिटं काढली. मला काहीच म्हणायचं नव्हतं. म्हणजे होतं. पण मी काय म्हणून म्हणायचं? व्याही आहे. आमच्यात विहिणीला असं राहा बिहा कुणी म्हणत नाही, फार तर साडी देतात. मी साडी आणली. त्या नेसणार नव्हत्या हे मला कळत होतं, पण करामात दुसरं काय घ्यायचं ते कळेना.

शेवटच्या आठवड्यात धडा हुकमाच्या रूपांचा होता. ये म्हणायला नियमाने ‘विने’ व्हायला हवं, होतं ‘वीनो’. मी विचारलं, तुम्हाला म्हणायचं तर? त्या म्हणाल्या, मला ‘वेनीत्स’ म्हण, या. वीनो फक्त आपल्या माणसाला, बायकोला, लेकराला, शेजाऱ्याला. मी फरशीवर दोन्ही लिहिले. मग विचारलं, जा म्हणायला काय? "दू-ते." आणि जाऊ नको म्हणायला? म्हटलं मीच सांगतो: "नू दू-ते." टक्. नाही, नको म्हटलं की शब्द फिरतो. "नू ते दुचे." आणि मोठ्या माणसाला, "नू व दुचेत्स." मी दोन्ही दहादा म्हणून घेतले. त्यांनी विचारलं नाही, हे कुणाला म्हणायचं आहे. मीही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी नात मांडीवर होती. मुलगा खालून फोन करतोय, "बाबा, यल्ला, लेट होतंय!" साडी त्यांनी बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती, मी पाहिलं. दारात त्या माझ्याकडे बघून थांबल्या. मला वाटलं, आता दुक म्हणणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. नू व दुचेत्स तोंडात तयार होतं, एकही चूक नव्हती त्यात. गिळलं.

विमानतळावर लेकीला कवटाळलं, नातीच्या कपाळाचा मुका घेतला, मला हात पुढे केला. मी नमस्कार केला, मग हातही दिला. त्या रांगेत शिरल्या. आता त्यांची फक्त करडी शाल दिसत होती. रांग वळली तिथे त्या वळल्या. चार माणसं मधे होती, त्यांच्यावरून मोठ्याने हाक आली, शाळेतली मास्तरीण शेवटच्या बाकावर मारते तशी.

"कुस्क्रे! विन!"

पुढचा माणूस, त्यांच्याच मुलुखातला असणार, वळून बघायला लागला, बाई वाईन का मागते. मुलगा म्हणाला, "काय म्हणाल्या?" येते म्हटल्यावर या म्हणायचं असतं, ते मला लहानपणापासून पाठ. वेनीत्स. मोठ्या माणसाला वेनीत्स. आणि माझ्या तोंडून निघालं, "वीनो!"

त्यांनी ऐकलं. चूक दाखवायला मान हलवली नाही, बोट उचललं नाही. शाल पुढे सरकली.

तेव्हापासून शुक्रवारी फोन येतो. सून बाळ दाखवते, मग फोन माझ्याकडे देते. आम्ही बहिणी, सुना, माणसं यांवर बोलतो. चूक झाली की तिकडे टक् ऐकू येतं, त्यांनी पेन्सिल ठेवलीच आहे जवळ. येण्याचा विषय त्याही काढत नाहीत, मीही नाही. वीनो म्हटलं ते चुकलं का, हे मी सुनेला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

सकाळी दूध आणायला जाताना मी दारातून विन म्हणतो. आल्यावर अंडं उकडायला टाकतो. माझ्यापुरतं. उन ओउ.