वेशीच्या आत शेपूट

मोटरहोम वेशीसमोर थांबली तेव्हा आत हलगी वाजत होती. मागच्या बेडवर गयाबाई झोपून होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, पण आडवं राहूनच. नात रोहिणीला हळद लावायची, एवढ्यासाठी त्या मुलाबरोबर चौसाळ्याजवळच्या या गावी आल्या होत्या. भाड्याची गाडी मी चालवत होतो.

बुकिंग कॅम्पर व्हॅनचं होतं. कॅम्पर व्हॅन म्हणजे नेहमीचीच व्हॅन, आत बेड आणि शेगडी बसवलेली. ती व्हॅनसारखीच वळते, बाजारात दोन जीपांच्या मधेही लागते. आदल्या दिवशी तिचा क्लच गेला आणि मालकांनी छोटी मोटरहोम पाठवली. ही म्हणजे ट्रकच्या चेसिसवर बांधलेली खोली. छोटी म्हटली तरी मागच्या चाकांच्या मागे तिचा बराच भाग अधांतरी असतो. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट डावीकडे झुकतं आणि तिथे जे असेल त्याला लागतं.

वेशीतून शिरताच समोर किराणा दुकानाची भिंत होती आणि रस्ता काटकोनात वळत होता. व्हॅन वळली असती. ही वळणार नव्हती.

"बाजेवर उचलून नेतो, आई," गयाबाईंचा मुलगा दिगंबर म्हणाला.

"तसं उचलून मी एकदाच जाणार हाय. ते आज न्हाई."

मग रोहिणीलाच बोलावलं. ती वेशीपर्यंत आली. घरच्या बायकांची हळद लागून झाली होती. गयाबाईंच्या धाकट्या जाऊ सखूबाईंनी तिचा हात धरला.

"हळदीच्या अंगानं वेस ओलांडायची न्हाई."

"चार पावलं तर हायती, काकू," दिगंबर म्हणाला.

"एक बी न्हाई."

गयाबाईंनी आतून ऐकलं. "सखू बरोबर बोलती. पोरीला बाहेर आणू नका."

मी मालकांना फोन लावला.

"गाडी बाहेरच फिरवून रिव्हर्समध्ये वेशीत घालतो. फक्त शेपूट."

"घासली तर?"

"घासू शकते."

"आजी गाडीतच आहेत?"

"हो."

"मग हळू घाल."

अर्धं गाव 'येऊ द्या' म्हणत होतं, अर्धं 'थांबा'. दिगंबरला आरशात दिसेल असं उभं केलं आणि फक्त त्याचा हात पाहिला. स्टिअरिंग सरळ धरलं. जरा फिरलं असतं तर शेपूट कमानीला लागलं असतं. मागची चाकं वेशीबाहेर थांबली. शेपूट आत गेलं, आणि त्याच्यासोबत गयाबाईंचा बेड.

मागची खिडकी उंच होती. किराणावाल्याने रिकामा क्रेट आणून ठेवला. रोहिणी त्यावर चढली. खिडकीतून हळदीचा हात बाहेर आला आणि तिच्या दोन्ही गालांवर फिरला.

"लई वाळलीस गं."

"तुझ्याच काळजीनं, आज्जे."

"सखू, तू बी ये."

सखूबाई आल्या. त्यांच्याही गालाला हळद लागली. "म्हातारपणी काय रंगवती मला," म्हणाल्या, पण पुसली नाही.

बाहेर काढताना डावा इंडिकेटर कमानीच्या दगडाला लागून फुटला. मालकांनी फोटो मागवला, पाहिला आणि विषय सोडला.

तेव्हापासून बुकिंग घेताना वळणं विचारतो. गल्लीबोळाला कॅम्पर व्हॅनच बरी. मात्र पोचायचं वेशीपर्यंतच असेल, तर लांब शेपटाचीही गाडी चालते.