कुलुपाचा धनी

युद्धाच्या दिवसांत आमच्या गावाबाहेर, अकोटच्या रस्त्याला, पलटणीची छावणी पडली. आजूबाजूला सगळं खारं पाणी. गोडी विहीर एकच, आमच्या विड्याच्या पानमळ्याला लागून. पलटणीने ती ताब्यात घेतली, वर लोखंडी झाकण बसवून कुलूप ठोकलं. सकाळी थोडा वेळ आम्हाला पाणी मिळायचं, तेवढ्यावर मळा तग धरून होता. मग ऐन उन्हाळ्यात पलटण तंबू गुंडाळून निघून गेली. मागे राहिलं ते कुलूप आणि एक पहारेकरी.

पहारेकरी मूर्तिजापूरकडचाच गडी. किल्ली त्याच्या कमरेला. बाबाने त्याला विचारलं, छावणीच नाही तर कुलूप कशाला? तो म्हणाला, "मले विहीर राखाले सांगतलं. तुमच्यासाठी उघडाले आता कोनी सांगतलं नाई. कुलूप तोडसान त मले बंदूक चालवा लागन." स्वतःच्या पिण्यापुरतं मात्र तो उघडायचा. तसा हुकूम होता.

बाबा अकोल्याला गेला. तिथला साहेब म्हणाला, कुलूप छावणीचं आणि छावणी अमरावतीच्या ताब्यातली. अमरावतीचा म्हणाला, छावणी उठली की विहीर पुरवठा खात्याकडे जाते. पुरवठ्याच्या साहेबाने सांगितलं, छावणी उठल्याचं आम्हाला कोणी कळवलेलं नाही, तेव्हा ती उठलेली नाही. बाबा प्रत्येक चपराशापुढे वाकला. इतकी माणसं देश राखायला बसली होती आणि एका कुलुपाला धनी मिळत नव्हता. माय आणि मी लांबून घागरी आणून वेलींच्या बुडाशी ओंजळीने पाणी घालत होतो.

शेवटी एक साहेब मोटारीतून आला. मळा खरंच सुकतो आहे हे डोळ्यांनी पाहिलं तर कुलूप काढायचा हुकूम इथेच देतो, असं त्याने सोबतच्या कारकुनाकरवी सांगितलं. मायने पदराने डोळे पुसले. साहेब मळ्याच्या दाराशी आला आणि बाबा आडवा उभा राहिला.

पानमळ्यात पायताण घालून कोणी जात नाही. वेल म्हणजे आमची देवी. गावचा पाटीलही जोडे बाहेर काढूनच आत येई. बाबा म्हणाला, "साहेब, बूट बाहेर काढा."

कारकुनाने ते चाचरत सांगितलं. साहेब हसला. कामावर असताना बूट उतरत नाहीत म्हणाला. माय बाबाचा हात ओढत होती, मी रडत होते, पण इतके दिवस वाकलेला माणूस नेमका तिथे ताठ झाला. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि कारकुनाला लिहायला लावलं की मालकाने पाहणी करू दिली नाही. त्या सगळ्या खात्यांना शेवटी एक जबाबदार माणूस सापडला, तो माझा बाप.

मला साहेबापेक्षा बाबाचाच राग आला. बुटांनी देवी बाटली असती, मेली तर नसती, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. वेली शेंड्याकडून सुकत खाली आल्या. पहारेकरी विडी ओढत पाहत बसायचा.

पुढे त्यालाही परत बोलावणं आलं. जाताना तो कुलूप काढून विहिरीच्या काठावर ठेवून गेला. बाबाने बादलीभर पाणी शेंदलं, मळ्याच्या दाराशी आणलं आणि सवयीने जोडे काढायला वाकला. आत सगळा पाचोळा झाला होता.

माय मागून म्हणाली, "आता काहून काढता जोडे?"

बाबा सरळ झाला. मग जोडे घालूनच आत गेला.