अर्ध्यावर बंद होणारं गाणं

“ह्या गाण्यात ड्रम लई साफ वाजायलाय, मामू,” माझ्या खोलीखालच्या दुकानात स्पीकर दुरुस्त करणारा समोरच्या चहावाल्याला सांगत होता.

मी जिन्यातच थांबले. माझ्या आवडत्या रॉक बँडचं ते नवं गाणं होतं. मी ते इअरफोन घालून एकटीच ऐकायचे. लातुरात ज्याला ऐकवावं असं माझं कुणी नव्हतं.

तेव्हापासून दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तो त्याच गाण्यावर तपासतो. डोळे मिटून खोक्यावर तळहात ठेवतो, हादरा नीट लागला की “हाव, जमलं” म्हणतो आणि गाणं बंद करतो. नेमकं गायक बेंबीच्या देठापासून ओरडायच्या आधी. माझ्या खिडकीची काच थरथरायची थांबते आणि खोली आधीपेक्षा रिकामी वाटते.

आम्ही कधी बोललो नव्हतो. मी मान खाली घालून जाते, तो पाय आवरून वाट देतो.

काल त्यानं लग्नासाठीचे मोठे स्पीकर जोडले होते. गाणं सुरू झालं तशी मी खाली उतरले. खोक्यावरचा हात काढून तो बटणाकडे वळला.

“भैया,” मी म्हणाले, “बंद नका करू. खरं गाणं तर आता सुरू व्हायलंय.”